समता कॉलोनीतला गाडीचा शृंगार

नागपूरहून निघालेली मोटार भंडारा, साकोली, देवरी मागे टाकून छत्तीसगडात शिरते आणि राजनांदगाव, दुर्ग, भिलाई करत टाटीबंधच्या चौकात येते, तेव्हा आतल्या मंडळींची चुळबूळ सुरू होते. कोणी चपला शोधतो, कोणी झोपलेल्या मुलाला हलवतो. रायपूर आले! हा रस्ता म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड. रायपूरकर मात्र त्याला 'जीई रोड' या नावानेच ओळखतात. विद्यापीठ आणि एनआयटी ओलांडून थोडे पुढे गेले की आतल्या बाजूला चौबे कॉलोनी लागते आणि तिला खेटूनच समता कॉलोनी.

मराठी माणसाला हा भाग परका वाटत नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, तेव्हापासून इथे मराठी घरे आहेत. शहरातला तात्यापारा त्याची साक्ष देतो. १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलोनीतच आहे. समता कॉलोनीचा तोंडवळा मात्र अधिक मारवाडी-अग्रवाल. अग्रसेन चौक, खाटू श्यामचे मंदिर, व्यापारी कुटुंबांचे दुमजली-तिमजली बंगले आणि प्रत्येक फाटकासमोर नालीवरून रस्त्यावर उतरणारा सिमेंटचा उतार. त्या उतारावर किंवा पोर्चमध्ये उभी असते ती घरची गाडी. तिच्या खरेदीचा मुहूर्त ज्याच्या त्याच्या रिवाजाप्रमाणे ठरतो. एका घरी धनतेरस, तर शेजारच्या मराठी घरी दसरा किंवा पाडवा. चाकाखालचे लिंबू आणि बॉनेटवरचे कुंकवाचे स्वस्तिक मात्र दोन्हीकडे सारखेच.

सकाळी गल्लीतून चक्कर मारली तर बादली आणि फडके घेऊन गाड्या पुसणारी पोरे दिसतात. रायपूरमध्ये हे काम रोजचे आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा इथे स्पंज आयर्नचे आणि पोलादाचे कारखाने आहेत. त्यांची काळी भुकटी गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि अर्थातच गाडीच्या टपावर येऊन बसते. ही साधी धूळ नव्हे. तिच्यात लोखंडाचे बारीक कण असतात. कोरड्या फडक्याने ती घासली की रंगावर जाळीसारखे ओरखडे उठतात आणि ती तशीच राहू दिली तर पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके धरतात. म्हणून इथला जाणता मालक आधी नुसत्या पाण्याची धार सोडून धूळ वाहू देतो, फडके त्यानंतर. हजारो रुपये मोजून सिरॅमिक लेप लावून घेणारेही आहेत. तो लावल्यावर धूळ लवकर सुटते हे खरे, पण फडके कोरडेच राहिले तर लेपाचाही उपयोग नाही.

गाडी घेतली म्हणजे ती सजवायचीच, ही रीत कुठून आली हे समजायला थोडे मागे जावे लागेल. फियाट आणि अॅम्बॅसिडरच्या काळात गाडी घरी येई तेव्हा ती अर्धवटच असे. वातानुकूलन नाही, टेप नाही, कित्येक गाड्यांना डाव्या बाजूचा आरसासुद्धा नाही! साध्या मारुती ८०० ची कथा फारशी वेगळी नव्हती. अशा वेळी अॅक्सेसरीजचे दुकान ही चैन नसून गरज होती. १९९० साली मारुती १००० आली, १९९४ मध्ये एस्टीम आणि जानेवारी १९९८ मध्ये होंडा सिटी. मागे स्वतंत्र डिकी असलेली, पाच माणसांची, जरा ऐटबाज अशी ही मध्यम आकाराची सेडान मध्यमवर्गाच्या डोळ्यांत भरली. स्कूटरवरून मारुतीवर आणि मारुतीवरून 'डिकीवाल्या गाडीवर' जाणे म्हणजे घराने एक पायरी चढल्यासारखे होते.

रायपूरच्या कुटुंबांना डिकीचे महत्त्व विशेष. लग्न नागपूरला, मुंज नागपूरला, मोठे दुखणे निघाले तर डॉक्टरही बऱ्याचदा नागपूरचा! पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरच्या या प्रवासाला चार बॅगा, आहेराच्या साड्या, जाताना इथला तांदूळ आणि येताना संत्र्याची बर्फी एवढे सगळे मावायला हवे. पाचव्या पिढीच्या पेट्रोल सिटीची डिकी ५०६ लिटरची आहे. म्हणजे बॅगा सरळ उभ्या राहतात आणि वर आजीचा तक्क्याही बसतो.

नवी सेडान आता तशी सगळे काही घेऊनच येते. पडदा, कॅमेरा, सहा एअरबॅग, गार हवा सारेच आत असते. तरीही शोरूममधून निघालेली गाडी अॅक्सेसरीजच्या दुकानाकडे वळतेच. दुकानदाराचा प्रश्न ठरलेला असतो: "भैया, फुल पॅकेज कर दूँ?" या फुल पॅकेजमध्ये सीट कव्हर, काळी फिल्म, मोठा हॉर्न, प्रखर दिवे, पुढचे लोखंडी गार्ड आणि हौशी चिरंजीव बरोबर असतील तर रुंद टायर आणि आवाजी सायलेन्सर असे सगळे येते. सन २००० च्या १०६ अश्वशक्तीच्या सिटी व्हीटेकने तर देशभरातल्या तरुणांना गाडीत फेरफार करण्याचे वेडच लावले. त्या गाड्या आज म्हाताऱ्या झाल्या, वेड मात्र गेलेले नाही.

यातली कित्येक सजावट आता अंगाशी येऊ शकते. सीट कव्हरचेच पाहा. पुढच्या सीटच्या कडेला बाजूची एअरबॅग शिवलेली असते. जाड, घट्ट शिवलेले कव्हर वर चढवले की नेमक्या वेळी ती फुटणार कुठून? पुढच्या लोखंडी गार्डमुळे धडकेचा जोर भलत्याच ठिकाणी पोचतो आणि एअरबॅगच्या संवेदकांची गफलत होते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर बंदी आणली. मूळचा दिवा ६०/५५ वॉटचा असतो. त्या जागी १०० वॉटचा बसवला की होल्डर वितळतो आणि समोरून येणारा ट्रकवाला आंधळा होतो ते वेगळेच.

काळ्या काचांचा प्रश्न रायपुरात नाजूक आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि उन्हात ठेवलेल्या गाडीचे स्टिअरिंग हाताला चटका देते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचेवर वेगळी फिल्म चिकटवायला मनाई केली. पुढे १ एप्रिल २०२१ पासून नियम बदलला आणि त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये निकाल दिला की पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत येत असेल तर प्रमाणित फिल्म चालेल. निकालाची प्रत खिशात ठेवून चौकातल्या शिपायाशी वाद घालायची हौस कोणाला असेल ते असो. घरच्यांना ऊन लागू नये एवढाच हेतू असेल, तर उष्णता अडवणारी जवळजवळ पारदर्शक फिल्म प्रमाणपत्रासह घ्यावी आणि गाडी कडुलिंबाखाली लावावी.

मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही नजरेआड करून चालत नाही. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. रंग बदलायचा किंवा सीएनजी किट बसवायचे, तर आरटीओत नोंद हवी. तशी नोंद नसली की दंडापेक्षा मोठा घोळ विमा कंपनीच्या दारात होतो. अपघातानंतर सर्वेक्षक वाकून गाडीखाली पाहतो, तेव्हा मालकाला दुकानातले ते पॅकेज आठवते.

आणि आता या गल्ल्यांत शिरू पाहते आहे हायब्रिड. तिची गोष्ट अगदीच नवी नाही. जपानमध्ये टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये आली, म्हणजे आपल्याकडे पहिली सिटी येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी. भारतात होंडाने २००८ साली सिव्हिक हायब्रिड आणली. किंमत साडेएकवीस लाखांच्या घरात. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्याच वर्षी ती सुमारे ८ लाखांनी उतरवावी लागली! २०१५ मध्ये मारुतीच्या सियाझला छोट्या मोटरची जोड मिळाली, पण ती इंजिनाला हात देण्यापुरतीच होती. ही सियाझ २०२५ मध्ये बंदही झाली. मे २०२२ मध्ये आलेली सिटी ई-एचईव्ही मात्र पुरती हायब्रिड. तिच्यात दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि दोन विजेच्या मोटरी आहेत. अग्रसेन चौकातल्या गर्दीत ती बराच वेळ इंजिन बंद ठेवून विजेवर सरकते. ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती विजेच्या रूपाने बॅटरीत परत जाते. मोकळ्या महामार्गावर इंजिन सरळ चाकांना जोडले जाते. तिला बाहेरून चार्ज करावे लागत नाही, पंपावर पेट्रोल भरले की झाले.

कागदावर ती लिटरला २६.५ किलोमीटर जाते आणि साधी ऑटोमॅटिक सिटी १८.४. हा आकडा ऐकून भले भले विरघळतात. पण समता कॉलोनी व्यापाऱ्यांची आहे, तिथे पाटी-पेन्सिल घेऊनच बसायला हवे. २०२२ साली हायब्रिडची शोरूम किंमत साडेएकोणीस लाख होती आणि वरच्या श्रेणीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकची सुमारे १५. फरक साडेचार लाखांचा. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या घरात पेट्रोल वाचणार १६६ लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाची बचत १६,६०० रुपये. साडेचार लाख वसूल व्हायला सत्तावीस वर्षे! शहरातल्या गर्दीत साधी गाडी १२ किलोमीटर देते आणि हायब्रिड २० देते असे मानले, तरी साडेतेरा वर्षे लागतातच. वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाचे, कागदावरचेच आकडे धरून, नऊ वर्षांत फिटेल. पण बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोवर. म्हणजे त्याची हमी सहाव्या वर्षातच संपली आणि नफ्याला अजून तीन-चार वर्षे अवकाश. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, त्यातही या मापाच्या हायब्रिडवर ४० टक्केच कर राहिला आणि पूर्ण विजेच्या गाडीवर ५ टक्के. पैसे वाचवण्यासाठी कोणी हायब्रिड घेत असेल, तर त्याने हा हिशेब बायकोसमोर मोठ्याने वाचावा. शांत, धक्का न देणाऱ्या चालीसाठी आणि निदान आपल्या गाडीचा धूर तरी कमी व्हावा म्हणून घेत असेल, तर गोष्ट वेगळी. काळी भुकटी रोज पुसणाऱ्या शहरात ही दुसरी इच्छा अगदीच चुकीची म्हणता येणार नाही.

नागपूरच्या रस्त्यावर तिचे दोन उणेपण लगेच लक्षात येतात. बॅटरी मागे बसवल्यामुळे २०२२ च्या हायब्रिडची डिकी ३०६ लिटरची झाली. पेट्रोल गाडीच्या मानाने दोनशे लिटर कमी. चारातल्या दोन बॅगा मांडीवर घ्यायच्या की आजींना रेल्वेने पाठवायचे, असा पेच उभा राहतो. शिवाय शंभर किलोंहून जास्त वजन वाढलेले. भरलेली सेडान गतिरोधकावर पोट घासते. त्यावर दुकानदाराचा उपाय म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर अडकवणे. गाडी बोटभर उचलते खरी, पण धक्के पाठीच्या मणक्यात जातात आणि वळणावर तिची पकड बिघडते. त्यापेक्षा गतिरोधकावर गाडी जरा तिरपी आणि हळू घ्यावी.

जुन्या पद्धतीने शृंगार करायला हायब्रिड मुळीच तयार नसते. तिच्यात साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीखेरीज जास्त दाबाची दुसरी बॅटरी असते आणि तिच्या तारा मुद्दाम नारिंगी रंगाच्या केलेल्या असतात. त्या रंगाचा अर्थ सरळ आहे, हात लावू नका. स्पीकरसाठी किंवा दिव्यासाठी वायर सोलून जोड मारणाऱ्या कारागिराने चुकून तिकडे पक्कड नेली, तर हमी जाईलच, जिवावरही बेतू शकते. दुसरी गोष्ट त्याहून साधी, म्हणूनच जास्त धोक्याची. कित्येक हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ एक छोटी जाळी असते. गाडीतली गार हवा तिच्यातून बॅटरीकडे जाते. सीट कव्हर, उशी, आहेराची पिशवी किंवा मुलाचे दप्तर तिच्यावर आले की बॅटरी तापते, आणि तेही रायपूरच्या मे महिन्यात! विक्रेत्याला ही जाळी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगावे आणि घरातल्या सगळ्यांना ती जागा दाखवून ठेवावी. पुढच्या काचेवर मध्यभागी कॅमेरा असेल तर त्याच्यासमोर देवाची तसबीर किंवा माळ लोंबती ठेवू नये. रस्त्यावरच्या रेषा तो कॅमेरा पाहत असतो. गणपती डॅशबोर्डवर खाली, छोटा आणि एअरबॅगच्या झाकणापासून दूर बसवावा.

मग करावे तरी काय? रबरी पायपुसणी, डिकीतला ट्रे, कंपनीने त्याच गाडीसाठी बनवलेले आणि एअरबॅगची जागा मोकळी सोडणारे सीट कव्हर, उन्हाचे काढता येणारे जाळीचे पडदे (तेही गाडी उभी असतानाच), चांगला चिखलरोधक आणि कमी आवाजाचे मूळ मापाचेच टायर. एवढ्यात हौस भागते आणि घरखर्चालाही फार मोठा चिमटा बसत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी समता कॉलोनीत नालीवरच्या उतारांवर गाड्या धुऊन उभ्या राहतात. झेंडूच्या माळा आरशांना अडकवल्या जातात आणि बायका हळदी-कुंकवाचे ताट घेऊन पायरीवर येतात. संध्याकाळपर्यंत उरल्याकडून वारा सुटलेला असतो. बॉनेटवरच्या स्वस्तिकाभोवती पुन्हा काळी भुकटी बसू लागते, आणि कोणी तरी आतून ओरडते, "अरे, कोरडे फडके लावू नकोस, आधी पाणी टाक!"