टिकणारा टायर की धरणारा टायर?

गाडी रस्त्याला टेकलेली असते ती साधारण चार तळहातांएवढ्या जागेवर. दीड टन वजन, वेग, ब्रेक, वळण, सगळा भार त्या चार तळव्यांवर. इंजिन कितीही ताकदवान असो, शेवटी रबर जेवढं ऐकेल तेवढंच गाडी ऐकते.

ह्या वसंतात नवे टायर घ्यायचे होते, म्हणून हे पुराण. मी न्यूयॉर्क राज्यात, पण शहरापासून लांब उत्तरेला राहतो. दोनेक तासांवर वॉटकिन्स ग्लेनचा रेस ट्रॅक आहे. १९६१ ते १९८० अमेरिकेची फॉर्म्युला वन शर्यत इथे व्हायची. आता काही ठरावीक दिवशी पैसे भरून आमच्यासारख्या हौशी मंडळींना आपली रोजची गाडी तिथे पळवता येते. ही शर्यत नसते. डोक्यावर हेल्मेट, शेजारी प्रशिक्षक, आणि पुढच्याने हाताने खूण केल्याशिवाय ओव्हरटेक नाही. (हा नियम पुण्यात लावला तर शहर जागच्या जागी थांबेल.)

अडचण एवढीच की सोमवारी तीच गाडी बायको ऑफिसला नेते, आणि मागच्या सीटवर आमची तीन वर्षांची लेक असते.

बाबांना फोनवर टायरचं सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "किती किलोमीटर जातील?" आपल्याकडे हाच प्रश्न असतो. टायर पार गोटा होईपर्यंत वापरायचा. मी म्हटलं, "बाबा, जितका महाग तितका लवकर झिजणारा." पलीकडे बराच वेळ शांतता.

पण ते खरं आहे. अमेरिकेत टायरच्या कडेवर 'ट्रेडवेअर'चा आकडा छापलेला असतो. टेक्सासमध्ये ठरलेल्या रस्त्यांवर सुमारे ११,५०० किलोमीटर टायर पळवतात आणि एका प्रमाणित टायरशी त्याची झीज ताडून पाहतात. आकडा मोठा म्हणजे टायर टिकाऊ. साध्या टायरवर ५०० किंवा त्याहून जास्त दिसतो, ट्रॅककडे झुकणाऱ्यांवर २००, निव्वळ शर्यतीच्या टायरवर १०० च्याही खाली. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना जपूनच करावी.

झीज आणि पकड ह्यांचं हे भांडण रबराच्या स्वभावातच आहे. मऊ रबर डांबराच्या बारीक खाचांमध्ये शिरतं, दबतं, पुन्हा फुलतं, आणि त्यात ऊर्जा खर्च करतं. ती खर्च झालेली ऊर्जा म्हणजेच बरीचशी पकड. शिवाय प्रत्येक मिश्रणाला आपलं तापमान लागतं. ट्रॅकचं रबर तापल्यावर खुलतं. साधं रबर तिथे चार-पाच फेऱ्यांत जास्त तापून लोण्यासारखं सरकू लागतं. उलट, ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी रबर कडक होतं आणि निसरडं वागतं. आमच्याकडे एप्रिलमधल्या कित्येक सकाळी तेवढ्या गार असतात!

माझ्यापुढे दोन पर्याय होते: ब्रिजस्टोनचा पोटेंझा आरई-७१आरएस, आकडा २००; आणि मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४एस, आकडा ३००. कोरड्या ट्रॅकवर पहिला निर्विवाद वेगवान. पण त्याच्यावर खाचा कमी, रबर जास्त. कोरड्यात तोच त्याचा गुण, आणि हायवेवर पाणी साचलं की तोच दोष. पाणी निघून जायला वाट मिळाली नाही तर टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग स्टिअरिंग फक्त हातात धरायला उरतं.

माझ्या प्रशिक्षकांनी (सत्तरीचे गृहस्थ, मितभाषी) ट्रॅकच्या बाजूनेही वेगळाच मुद्दा मांडला. साधा टायर घसरण्याआधी कण्हतो, ओरडतो, सावध करतो. चिकट टायर बराच वेळ गप्प राहतो, आणि सुटतो तेव्हा वेगही जास्त असतो आणि सावरायला वेळही कमी. ग्लेनला चढावरच्या वळणांत ते निळे लोखंडी कठडे अगदी ट्रॅकला खेटून आहेत. "शिकतोयस तोवर बोलका टायर घे," एवढंच ते म्हणाले.

मी ३०० वाला घेतला. फेरीमागे काही सेकंद गेले, ते मी खुशाल देऊन टाकले. हिवाळ्यासाठी वेगळे टायर आहेत, आणि थर्मामीटर पाहूनच अदलाबदल होते. ट्रॅकवर हवा तापून पाच-सहा पौंडांनी वाढते, म्हणून तिथे थोडी काढतो. परत निघताना मात्र ती आठवणीने भरतो, कारण सोमवारी गाडी माझी नसते.

तुम्ही ट्रॅकवर जा अथवा न जा, एक गोष्ट नक्की करा. टायरच्या कडेवर चार आकडे शोधा. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा, टायरची जन्मतारीख. खाचा शाबूत दिसल्या तरी रबर म्हातारं होतं. बाबांनी त्यांचे आकडे वाचले आणि दुसऱ्याच दिवशी चारही टायर बदलले. किलोमीटर किती झाले ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.