बांधाला लावलेली ट्रॉली

गाडीच्या नाकाखालचा तडा माझ्यामुळं गेला. दीड वर्ष मी तो ट्रॉलीवाल्या मामांच्या नावावर खपवला आणि त्यापायी त्यांच्या भाड्यातले ७०० रुपये कापून घेतले. आता लिहायलाच बसलोय तर आधी एवढं सांगून टाकतो.

उंब्रजला पाटण रस्त्यावर माझं गॅरेज आहे. गिऱ्हाईक म्हणजे जीप, पिकअप, आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. अशात एक दिवस सॅन स्टॉर्म दारात आली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायला लागलेली ही दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी. रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ६० अश्वशक्ती. आजच्या हिशेबात ही ताकद काहीच नाही, पण दिसायला अशी की पोरं शाळा बुडवून बघायला येत होती. जमिनीला चिकटून बसलेली. आणि अंग फायबरचं. पत्र्याला पोचा आला तर ठोकून काढता येतो. फायबर पापडासारखं तडकतं.

मालक पुण्याचे डॉक्टर, गाव इकडचं. गाडी त्यांच्या गोठ्याशेजारच्या शेडात कित्येक वर्षं कडब्याखाली पडून होती. इंजिन मी सुरू केलं. रंगासाठी ती ओगलेवाडीला न्यायची होती, म्हणजे कराडच्या पुढं. चालवत नेता आली नसती. ब्रेकचा एक भाग यायचा होता, शिवाय वाटेतले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे पसरट पाठीचा. आमच्याकडं तो अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तयार होतो, उरलेल्या खडीत, लोकांच्या रागाएवढ्या उंचीचा. या गाडीचं नाक जमिनीपासून १३ सेंटिमीटर.

पुण्याहून गाडी वाहायचा ट्रक मागवला असता तर रंगापेक्षा वाहतूक महाग पडली असती. म्हणून मामांची ट्रॉली ठरवली. मामा माझे सख्खे नव्हेत, सगळ्यांचेच मामा. रोटाव्हेटर, मळणी यंत्र असलं काहीबाही वाहायची त्यांची बिनफाळक्याची दोन चाकी ट्रॉली आहे. मे महिना होता, ऊस संपलेला, ट्रॉली रिकामी.

मी दोन दिवस खपून सात फुटी लोखंडी चॅनेलचे उतार केले होते. मामांनी ते बघितले, गाडी बघितली, आणि म्हणाले, "कशाला हे? म्होरच्या रानाच्या बांधाला ट्रॉली लावू. म्हस चढती तशी चढंल."

चार पोरं बघत उभी होती. मी म्हणालो, "मामा, ही म्हस न्हाई. स्पोर्ट्स कार हाय."

पोरं हसली. मामा गप्प बसले, तंबाखू मळत राहिले.

ट्रॉलीची पाटी तीन फुटांवर, उतार सात फुटांचा. गणित मी नंतर केलं, आधी करायला हवं होतं: हा २५ अंशांचा चढ झाला. गाडीचं नाक १३ सेंटिमीटर उंच आणि पुढचं चाक टेकतं तिथून ७० सेंटिमीटर पुढं. म्हणजे साधारण साडेदहा अंशांच्या वरचा कुठलाही चढ चाकाच्या आधी नाकाला लागणार. नाक वाचवायला निदान साडेसोळा फुटांचा उतार लागला असता. मी काय केलं, तर पायथ्याला दोन विटा आणि एक फळी टाकली आणि चेनपुली ओढायला लागलो.

'टक्' एवढाच आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. वर पोचल्यावर पुढची चाकं पाटीवर, मागची उतारावर आणि पोट मधल्या कडेवर, अशी ती लटकली. जॅक लावून सोडवली. ओगलेवाडीत उतरवली कशी, ते विचारू नका.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. "ट्रॉली जरा हलली हो चढवताना," एवढंच म्हणालो. कुणी हलवली ते सांगितलं नाही; ऐकणारा त्याचं तो समजून घेतो. मामांना भाडं देताना ७०० कमी दिले आणि 'नुकसान झालंय' म्हणालो. त्यांनी पैसे मोजले आणि खिशात घातले.

रंगाचं काम रेंगाळलं, मग न मिळणाऱ्या भागांपायी आणखी रेंगाळलं. दीड वर्षानं गाडी परत आणायची वेळ आली. लाल रंग, आरशासारखा. मी ओगलेवाडीत स्टेशनाबाहेर चहा पीत होतो आणि समोर मालधक्का दिसत होता. वॅगनच्या पाटीएवढा उंच ओटा. हमाल पोती घेऊन सपाटावरून सरळ आत जातात, कुणी चढ चढत नाही. तो मालधक्का म्हणजे सिमेंटचा बांधच होता. आणि हे मला एका माणसानं दीड वर्षापूर्वी फुकट सांगितलं होतं.

मामांनाच बोलावलं. रंगवाल्याच्या मागच्या रानाचा बांध ट्रॉलीच्या पाटीएवढा निघाला. मधल्या फटीवर फळ्या टाकल्या, ट्रॅक्टरच्या चाकांना उटी लावली आणि गाडी दोन माणसांनी ढकलत आत नेली. मामा म्हणाले, "आनि थोडी म्होरं घे, दांडीवर वजन येऊ दे, न्हायतर शेपूट हलवंल." घेतली. बांधायच्या वेळी मात्र ते नाडा बंपरवरून टाकायला लागले, तो मी टाकू दिला नाही. स्प्रिंग दबली की अंगावरून बांधलेला नाडा सैल पडतो, आणि वर फायबर. पट्टे चारही चाकांवरून आवळले. तासवड्याच्या अलीकडं थांबून पुन्हा आवळले.

उंब्रजला गाडी उतरवून झाल्यावर ७०० रुपये पुढं केले आणि सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "मला म्हायती हाय की. मी हुतो न्हवं तिथंच. 'टक्' झालं तवा तू माझ्याकडं बगितलंस."

पैसे घेतले नाहीत. म्हणाले, रोटाव्हेटरचं बेअरिंग गेलंय तेवढं टाकून दे. ते टाकायला मला १,१०० रुपये खर्च आला.

डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. हा अंक त्यांच्या दवाखान्यात येतो.