एक शीड कमी

आमच्या पडवीत एक लांब वासा टांगलेला आहे. आई त्यावर कपडे वाळत घालते. तो आजोबांच्या होडीच्या शिडाचा वासा. वडिलांनी होडीला यंत्र बसवले, शीड माळ्यावर गेले आणि वासा पडवीत आला. शिडाचा व्याप कमी करण्याचा हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग मी शोधून काढला, त्याची ही हकीकत.

एन.सी.सी.च्या नौदल विभागात गेल्यावर मला ‘एंटरप्राइझ’ होडी प्रथम पाहायला मिळाली. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९५६ साली ती आखली. लांबी ४.०४ मीटर, शिडे निळी. ट्रेलरवर घालून गाडीमागे कोठेही नेता येते. डोलकाठीच्या मागे मोठे शीड आणि पुढे एक लहान तिकोनी शीड, त्याला जिब म्हणतात. एकाने सुकाणू आणि मोठे शीड सांभाळायचे, दुसऱ्याने जिब आणि मधली खाली-वर होणारी फळी. शब्दांचा घोळ निराळाच. आमच्याकडे शीड म्हणजे शीड. इंग्रजीत ‘शीट’ म्हणजे शीड ओढायची दोरी! पहिले चार दिवस मी ‘शीट ओढ’ म्हटले की कापडाला हात घालीत असे. आणि मी म्हणे दर्यावर्दी घराण्यातली! खरे म्हणजे आजोबांच्या होडीत मी कधी बसलेच नव्हते. बाईमाणसाने होडीत पाय ठेवायचा नाही, असा घरचा दंडक होता.

शिबिर देवगडच्या खाडीत होते. माझी जोडीदारीण घाटावरची. जिबच्या दोन दोऱ्या, एक डावीकडची, एक उजवीकडची. होडी वळली की एक सोडून दुसरी ओढायची. नेमकी हवी ती दोरी तिच्या पायाखाली असे. तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला आली. मी विचार केला, जिबच नको. आजोबांनी जन्मभर एका शिडावर होडी हाकली, मग आपल्याला दोन कशाला? (एकटीने होडी चालवून दाखवावी, हाही एक सुप्त हेतू होता, तो आता कबूल करते.) शिक्षकांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘करून बघ.’’

दुपारचा खारा वारा सुटला होता. सुरुवातीला होडी झकास चालली. पण सुकाणूचा दांडा सारखा हाताला ओढू लागला. होडीचे नाक वाऱ्याकडे वळू पाही आणि मी ते जिवाच्या आकांताने धरून ठेवी. वळायची वेळ आली तेव्हा ती वाऱ्याला तोंड करून उभीच राहिली. शीड फडफडू लागले आणि आम्ही हळूहळू मागे सरकू लागलो. मागे जाळ्यांसाठी रोवलेले खुंट होते. बचावाची बोट लांब नव्हती. हात वर केला असता तर आली असती. मी हात वर केला नाही.

किनाऱ्यावर आजोबा उभे होते. नातीला बघायला म्हणून आले होते. ते ओरडले, ‘‘फुडे बसा नकात गे, मागे सरा! नाळ हलकी करा!’’

आम्ही मागे सरकलो. मी शीड हाताने बाहेर ढकलून धरले आणि दांडा उलटा फिरवला, कारण होडी मागे जात असताना सुकाणूही उलटे काम करते. फळी थोडी वर घेतली. खुंट हातभर राहिले असताना नाक वळले.

शिक्षकांनी रात्री खडूने फळ्यावर काढून दाखविले. मोठे शीड होडीचे नाक वाऱ्याकडे नेते, जिब ते वाऱ्यापासून दूर ढकलते. या ओढाताणीत होडी सरळ जाते. जिब काढली की वाऱ्याचा सारा जोर मागे जातो. लहान मुलांच्या ‘ऑप्टिमिस्ट’ होडीला एकच शीड असते, पण तिची डोलकाठी अगदी नाळेजवळ उभी असते. आजोबांच्या होडीची काठी पुढे झुकलेली आणि वाशाचे टोक काठीच्या बरेच पुढे. म्हणजे त्यांचे एक शीड आणि माझे उरलेले एक शीड, या दोन वेगळ्याच गोष्टी होत्या. इतकी वर्षे तो वासा डोळ्यांसमोर असून मला हे दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिब परत चढवली आणि मोठे शीडच खालून गुंडाळून लहान केले. जिबच्या दोन दोऱ्यांची टोके एकमेकांना बांधून टाकली. मग कोणतीही बाजू वळो, दोरी हाताशीच. उजवीकडे हिरवी चिंधी, डावीकडे लाल. माझी जोडीदारीण त्या दिवशी एकदाही गोंधळली नाही आणि संध्याकाळी तिने दांडा स्वतः मागून घेतला.

शेवटच्या दिवशी आजोबा ट्रेलरवर चढविलेल्या होडीभोवती दोनदा फिरले. फळीची खाच बोटाने चाचपून पाहिली, गाठ ओढून पाहिली, आत वाकून बघितले. मग म्हणाले, ‘‘फिरता बरी गे ही तुजी होडी. पन म्हावरा खंय घालतलंस?’’