पडण्याची तालीम

सुरतेच्या माणसाला बर्फ ठाऊक असतो तो उसाच्या रसाच्या गाडीवरचा, नाही तर गोळेवाल्याच्या रंध्याखालचा. त्याच बर्फावर पायांत पोलादी पाती बांधून नाचायचे असते, हे आपण दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले आणि परीकथेच्या खात्यात जमा करून टाकले. आपल्या देशात १९२० सालापासून सिमल्याला थंडीत नैसर्गिक बर्फाचे स्केटिंगचे मैदान तयार होते हे खरे. पण सिमला कुठे आणि तापीकाठ कुठे! त्यामुळे गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीने जेव्हा सांगितले, "दादा, रविवारी माझी स्केटिंगची स्पर्धा आहे, तू यायचं आहेस," तेव्हा मी आधी हसलो आणि मग, खरे सांगायचे तर, रागावलो.

माझी बहीण १९६८ सालची, म्हणजे तापीच्या त्या मोठ्या पुराच्या वर्षातली. बँकेतून निवृत्ती घेतल्यावर ती नातीला रोज संध्याकाळी स्केटिंगच्या वर्गाला पोहोचवू लागली. कठड्याबाहेर तासभर बसून मोबाइल पाहण्याचा कंटाळा आला, तेव्हा एके दिवशी तिने स्वतःच चाके पायांत चढवली. हे सर्व तिने आठ महिने माझ्यापासून लपवून ठेवले होते. का, ते मला ठाऊक होते.

आमच्या घरात 'पडणे' या क्रियापदाला २००६ पासून एक वेगळाच अर्थ आहे. त्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी घरात शिरले, ते आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत शिरले होते. पाणी ओसरले तेव्हा जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर वीतभर गाळ बसला होता. एकाहत्तर वर्षांची आई देवघरातली भांडी घेऊन खाली उतरत असताना तिचा पाय त्या गाळावरून घसरला. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली. परंतु त्यानंतरची पाच वर्षे आई पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, इतकीच चालली. तेव्हापासून मी पायऱ्या उतरताना कठडा सोडत नाही, ओल्या फरशीवर पाऊल टाकत नाही आणि घरातल्या कोणालाही स्टुलावर चढू देत नाही. अशा माणसाला साठीकडे झुकलेली बहीण सांगते की ती आठ चाकांवर उभी राहून उडी मारणार आहे!

"या वयात हे शोभतं का तुला? लोक काय म्हणतील?" असे मी तिला विचारले. भीती वाटते असे म्हणण्याची आपल्या घरांत पद्धत नाही. भीतीऐवजी आपण लोकांचे नाव घेतो.

तरीही मी गेलो. ती पडलीच, तर रिक्षा करून इस्पितळात न्यायला कोणीतरी हवे, हा माझा त्यामागचा हेतू होता.

रविवार सकाळ. थंडी सुरतेत पडते तेवढीच, म्हणजे स्वेटर घालून घराबाहेर निघावे आणि नऊ वाजता तो हातावर घ्यावा इतकी. मैदान म्हणजे लोखंडी कठड्याने वेढलेला, घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा लंबगोल. एका कडेला मांडव, त्यात परीक्षकांसाठी टेबल, वर लाउडस्पीकर. शर्यतीच्या स्केटिंगमध्ये चाके एका रांगेत असतात. इथली चाके जोडीजोडीने होती, प्रत्येक पायाखाली चार आणि पुढे चवड्याशी एक रबरी खुंटी. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने १८६३ मध्ये ही रचना काढली. त्याआधीची चाकांची पादत्राणे सरळ धावत, वळत मात्र नसत. प्लिम्प्टनने पट्टी आणि चाके यांच्यामध्ये रबराची उशी बसवली, त्यामुळे अंग ज्या बाजूला कलेल त्या बाजूला चाके वळू लागली. एवढ्या एका युक्तीने बर्फावरचे नृत्य जमिनीवर आले आणि उष्ण देशांतील माणसालाही ते मोकळे झाले. वळायचे तर कलावे लागते. ताठ राहणारा माणूस सरळ जाऊन कठड्याला धडकतो, हे पुढच्या तासाभरात मी अनेकदा पाहिले.

पहिल्यांदा मुलांच्या फेऱ्या झाल्या. सहा-सात वर्षांची पोरे भिंगरीसारखी फिरत होती, पडत होती आणि पडल्याचे त्यांच्या लक्षात येण्याआधीच उठत होती. मुलांच्या पडण्याकडे कोणीही पाहत नाही. त्यानंतर मोठ्यांचा गट पुकारला गेला आणि कठड्याभोवतीचे मोबाइल एकदम वर आले. पाच स्पर्धक होते. एक दंतवैद्य, एक शाळेतल्या बाई, एक साड्यांचे व्यापारी, एक तरुण आई आणि आमची धाकटी.

व्यापारी प्रथम आले. पोट सुटलेले, गुडघ्यांना आणि मनगटांना संरक्षक कवचे, डोक्यावर शिरस्त्राण. एखादा मावळा गडावर चढायला निघावा तसा थाट. जुन्या हिंदी चित्रपटातील एका गाण्यावर त्यांनी दोन्ही हात पसरून मैदानाला एक मोठा वळसा घातला. त्यांच्या नाचात तेवढेच होते. एक वळसा, मग उलट दिशेने दुसरा वळसा आणि शेवटी एका पायावर क्षणभर उभे राहणे. तो क्षण किती लहान होता! परंतु त्या क्षणी दुकानातील उधारीच्या वह्या, सुनेचे रुसवे, रक्तातील साखर, यांपैकी काहीही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हते. माझ्या शेजारची मुले हसली. मीही हसणार होतो, पण हसू अर्ध्यावर थांबले. त्या माणसाने लोकांसमोर हास्यास्पद होण्याची तयारी करूनच पाऊल उचलले होते, आणि ज्याची तशी तयारी असते त्याला हसून काही साधत नाही.

आपल्या भाषेत अशा माणसाला 'हौशी' म्हणतात. हौशी नट, हौशी गायक. अलीकडे आपण हा शब्द किंचित नाक मुरडून वापरतो; 'हौशी' म्हणजे कच्चा, असा त्याचा अर्थ करतो. मुळात 'हौस' हा फारसीमार्फत आलेला अरबी शब्द, त्याचा अर्थ तीव्र इच्छा. इंग्रज ज्याला 'अमॅच्युअर' म्हणतो तो शब्दही लॅटिनमधील प्रेमवाचक धातूपासूनच निघाला आहे. दोन दूरच्या भाषांनी कच्चेपणाचा नव्हे तर ओढीचा उल्लेख करावा, हे विचार करण्याजोगे आहे. गणेशोत्सवात रात्री तालमी करून नाटके बसवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही ओढ ठाऊक होती. ते वाक्ये विसरत, मिशी गळून पडे, तरी पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहत.

बाहेरच्या जगात या ओढीला आता रीतसर स्थान मिळाले आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे प्रौढ स्केटरांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ या डोंगरी गावात २००५ पासून प्रौढांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊ लागली. तिथे अठ्ठाविसाव्या वर्षी माणूस 'प्रौढ' ठरतो आणि साठी उलटलेले आजी-आजोबाही बर्फावर उतरतात. आणि "हे तुला शोभतं का" या प्रश्नाचे उत्तर त्याहूनही जुने आहे. १९०२ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स नावाच्या स्त्रीने नाव घातले. स्त्रियांना मनाई असल्याचे नियमांत लिहिलेलेच नव्हते, कारण तसे लिहावे लागेल हे कोणाच्या मनातच आले नव्हते. सर्व पुरुषांत ती दुसरी आली. पहिला आला तो स्वीडनचा उलरिक साल्को, ज्याच्या नावाची उडी आजही मारली जाते. चार वर्षांनी स्त्रियांची वेगळी स्पर्धा सुरू झाली आणि ती तिने जिंकली. आपल्याकडे पाहायचे तर २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत हैदराबादच्या अनुपकुमार यामाने चाकांवरील कलात्मक स्केटिंगमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि अवनी पांचालबरोबर जोडीने दुसरे. २०२३ च्या हांगझौ येथील शर्यतीच्या स्केटिंगमध्ये ३००० मीटर रिलेचे कांस्य जिंकणाऱ्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही दोन मराठी नावे होती. परंतु ही पदकांची माणसे. आमच्या मैदानावर पदकाशी कोणाचाच संबंध नव्हता.

चौथ्या क्रमांकावर धाकटीचे नाव पुकारले गेले. बासरीवर भूप सुरू झाला. पंजाबी पोशाखाची ओढणी तिने कमरेला घट्ट खोचली होती. पहिल्या काही पावलांतच मला कळले की ही बाई मी ओळखत नाही. जी माझ्या समोर नेहमी थोडी खांदे पाडून बसते, तिने पाठ सरळ केली होती, गुडघे वाकवले होते आणि एका पायाच्या कलाने ती वळणात शिरत होती. पाय पुढून मागे फिरवताना जमिनीवर मराठी तीनसारखी खूण उमटावी असे एक वळण असते; ते तिने दोनदा घेतले. मग तिने उडीची तयारी केली. पुढे तोंड करून उडायचे, हवेत अर्धी गिरकी घ्यायची आणि पाठमोरे उतरायचे. बोटभर उंचीची उडी असेल. पण माझ्या डोळ्यांसमोर गाळाने भरलेला जिना उभा राहिला.

ती पडली.

मी कठडा धरून उभा राहिलो. ओरडलोही असेन. आणि तेवढ्यात मी पाहिले ते असे : तिने हात मागे टेकला नाही. गुडघे वाकलेलेच होते, ती एका कुशीवर, मांडीच्या मांसल भागावर कलंडली आणि मुठी मिटून छातीशी घेतल्या. मग एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाचे चाक आडवे लावून, मांडीवर हात दाबून ती उठली. बासरी चालूच होती. राहिलेला वळसा तिने पूर्ण केला, एक पाय मागे उचलून हात पसरले आणि समेवर थांबली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

नंतर बाकावर बुटांचे बंद सोडताना ती म्हणाली, "पहिले पंधरा दिवस सरांनी फक्त पडायलाच शिकवलं. हात टेकला की मनगट मोडतं. बसत बसत, बाजूला पडायचं. आणि मग उठायचं." मी काहीच बोललो नाही. तिने बूट पिशवीत भरले आणि मग, आवाज न चढवता, अगदी किराण्याची यादी सांगावी तशी म्हणाली, "दादा, आईला आपण उठूच दिलं नाही रे."

'आपण' हा तिचा चांगुलपणा. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवसापासून आईला उभे करा, चालवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आई तयार होती. काठी मागत होती. मी तिला म्हणत होतो, "तू उठू नकोस, मी आणतो." पाण्याचा तांब्या मी आणला, वर्तमानपत्र मी आणले, देवाची फुले मी आणली. जिना तिच्यासाठी मी बंद केला. पडण्याच्या भीतीने माणूस चालणे कमी करतो, न चालण्याने पायांतील बळ जाते आणि बळ गेले की तो पडतोच, हे आता कोणीही डॉक्टर सांगतो. तेव्हाही सांगत होते. माझ्या आईला एकदा पुराने पाडले आणि पुढची पाच वर्षे माझ्या काळजीने पाडून ठेवले. हे मला त्या बाकावर प्रथम कळले असे म्हणणे खोटे ठरेल. मला ते बऱ्याच वर्षांपासून माहीत होते. बहिणीलाही माहीत होते. कोणी मोठ्याने म्हटले नव्हते इतकेच.

निकाल लागला. धाकटी पाचांत चौथी आली, व्यापारी पाचवे. आंतरराष्ट्रीय बर्फावरील स्पर्धांत २००४ पासून जी गुणपद्धती आली, तिच्यात पडल्याबद्दल गुण कापले जातात खरे. परंतु गिरकी पूर्ण करून पडणाऱ्याला त्या उडीचे काही गुण तरी मिळतात, आणि उडी न घेणाऱ्याला मात्र काहीच मिळत नाही. आमच्या मैदानावरचे परीक्षक कोणत्या नियमाने चालले ते मी विचारले नाही. व्यापाऱ्यांनी आपले प्रशस्तिपत्र इतक्या जणांना दाखवले की जणू ते पहिलेच आले होते.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. मुलांचे वर्ग संपल्यावर सरांना बाजूला घेऊन विचारले, "चाके नकोत. पण जमिनीवरून उठायचं कसं, तेवढं शिकवाल का?" अडुसष्टीचा हा विद्यार्थी पाहून ते हसले नाहीत. त्यांनी एक जाड गादी टाकली. "काका, पहेला घूंटण वाळो," ते म्हणाले. आधी गुडघे वाकवा.

गुडघे वाकवायला मला बराच वेळ लागला. मग मी कुशीवर कलंडलो आणि पाठीवर झालो. वर उत्तरायणाआधीचे दोन-चार चुकार पतंग होते. इतक्या वर्षांत जमिनीवर पडून आकाश पाहिले नव्हते. कठड्यापलीकडून बहीण आणि तिची नात पाहत होत्या. नात काहीतरी बोलणार होती, तिला धाकटीने खुणेने गप्प केले.

"उतावळ नथी," सर म्हणाले. घाई नाही.

मी एक गुडघा टेकला, मांडीवर हात दाबला. दुसऱ्या प्रयत्नात उठलो.