मारका

कोंबडभुजे आता नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली जी 10 गावं उठली, त्यांतलं ते एक. आत्याच्या नव्या घराला अंगण नव्हतं. जाताना तिने आपलं कोंबड्यांचं डालगं आमच्या परसात आणून ठेवलं. आजचा हा तांबूस कोंबडा त्याच डालग्याच्या वंशातला.

वर्षाचा होईपर्यंत तो हातातले दाणे टिपायचा. मग आषाढातल्या एका सकाळी मी कणी टाकायला वाकले आणि मागून त्याने झेप घेतली. पायामागचा काटा पोटरीत घुसला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले, तर शेजारीण म्हणाली, "गटारी तोंडावर आलीय, बघता कसली वाट?" घरात चार वर्षांची नात आहे. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर त्याचा काटा पोहोचतो. त्या रात्री मलाही शेजारणीचं म्हणणं पटलं होतं.

आधी मी काठी घेतली. तिथेच चुकलं. काठी उगारली की त्याला लढाईचं आमंत्रण मिळे, आणि मी पळाले की विजय. आत्या येऊन अंगणात तासभर बसली. म्हणाली, "मारका नाय गं तो, राखनदार हाय. तू कोंबड्यांच्या मधून घाईनं जातेस." मग मीही बसून बघू लागले. दाणा सापडला की तो स्वतः खात नाही. चोचीत उचलून खाली टाकतो, कुकुकु करून कोंबड्यांना बोलावतो. मांजर आलं की तुटक, ठसक्याचा आवाज. घार दिसली की एकच बारीक, लांबलेला. विमान गेलं तरी मान कलती करून एका डोळ्याने आभाळ तपासतो.

आता त्याने मानेची पिसं फुलवली, एक पंख पाडून तो तिरका चालू लागला, की मी थांबते. मागे सरत नाही, मारत नाही. तो वळला की हळूच एक पाऊल पुढे. रात्री अंधारात कोंबडा निमूट असतो. तेव्हा त्याला खुराड्यातून काढून काखेत धरते. काट्याचं टोक कानशीने घासून बोथट केलं. तळहाताखाली त्याचं काळीज इतकं जोरात धडधडतं की पहिल्या रात्री माझाच राग ओसरला. त्याचे पाय हळदीसारखे पिवळे आहेत. गावठी कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण हा पिवळेपणा करड्या रानकोंबड्याकडून आला, असं 2008 साली जनुकांच्या अभ्यासात दिसलं. हा करडा सह्याद्रीच्या रानातला. म्हणजे याच्या पायांवर आपल्याच डोंगराची खूण आहे.

तरी नातीला मी परसात एकटी सोडत नाही. रागीटपणा रक्तातून उतरतो, हेही खरं. म्हणून यंदा कोंबडी खुडूक बसली तेव्हा तिच्याखाली याची अंडी ठेवली नाहीत. बाहेरून आणलेली ठेवली. आत्याला हे सांगताना जीभ जड झाली. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "पोरगी आधी."

नऊ पिल्लं निघाली. त्यांतलं एकही त्याचं नाही. घार फिरू लागली की तोच ओरडतो, आणि नऊच्या नऊ आईच्या पंखाखाली जातात.