इंजिन बदललं, पण चार्जिंगकडं कोणी पाहिलंच नाही



गोडी छाटणीला १८ दिवस झालेले, घड दिसायला लागलेले. रात्रभर पाऊस, पहाटे उघडला. निफाड-पिंपळगाव पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको, अशा सकाळी ब्लोअर बागेत पाहिजे. साडेपाचला चावी फिरवली तर स्टार्टर नुसता टक् करून गप्प. धक्का मारून बघितला, चिखलात चाकं घसरायला लागली. बायकोने तोवर डस्टर घेऊन मॅन्कोझेबची धुरळणी सुरू केली, पण दोन एकर हाताने किती होणार? शेजारच्या अण्णांची बॅटरी आणून ट्रॅक्टर सुरू करेपर्यंत साडेनऊ वाजले.

आमच्या छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन पावसाळ्यात बसलं होतं. नऊ बाय पाचच्या बागेत मोठा ट्रॅक्टर नीट वळत नाही, म्हणून हाच जीव. क्रँक आणि बोअर दोन्ही गेलेले. दुरुस्तीच्या खर्चात जुन्या बाजारात दुसऱ्या कंपनीचं, तेवढ्याच ताकदीचं इंजिन मिळालं. फाउंडेशनच्या पट्ट्या, क्लचची जुळणी यात तीन दिवस गेले. वायरिंग मात्र शेवटच्या अर्ध्या तासात, चहा पिता पिता उरकलं. फिटर म्हणाला, "दादा, चार्जिंगचा लाईट विझलेला आहे ना? मग ओके." मीही मान डोलावली.

डिझेल इंजिनाची गंमत अशी की एकदा सुरू झालं की बॅटरीत जीव नसला तरी चालत राहतं. त्यामुळे पंधरा दिवस आम्ही बॅटरीतलं शिल्लक खात होतो आणि कळलंच नाही. त्यात रोज सकाळी हीटर.

संध्याकाळी पुतण्या आला, वायरमनचा आयटीआय झालेला. साडेतीनशेचं मीटर बॅटरीला लावलं. इंजिन चालू असताना १२.१, आणि उतरतंय. चार्जिंग होत असेल तर १४ च्या आसपास पाहिजे.

मग त्याने समजावलं. जुन्या इंजिनाला अल्टरनेटर होता, रेग्युलेटर त्याच्या पोटातच, बाहेर येणारा करंट थेट डीसी. नव्याला चुंबकाचा छोटा डायनामो आहे. त्याच्या दोन वायरी, दोन्हीत एसी. त्यात प्लस-मायनस नसतं, उलटसुलट लावल्या तरी चालतात, पण त्या बॅटरीला कधीच थेट जोडायच्या नाहीत. मध्ये रेग्युलेटरचा डबा लागतो, तो एसीचा डीसी करतो आणि व्होल्टेज आवरतो. (दहावीला हे शिकलो असणार. समजलं ५४ व्या वर्षी.)

डबा होता, जोडणी अर्धी होती. डायनामोच्या दोन वायरी सोडवून मीटर एसीवर लावलं, रेस दिली तर २० च्या वर चढलं. म्हणजे डायनामो ठणठणीत. चावीकडून डब्याला येणारी वायर टेप मारून लटकत ठेवलेली. ती मिळाल्याशिवाय आमचा डबा कामच सुरू करत नाही. लाईटची वायरही तशीच मोकळी. लाईट विझलेला नव्हता, तो लागणारच नव्हता! चावी लावल्यावर लाईट लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे, दोन्ही बघायचं.

दोन्ही वायरी जोडल्या, तरी मीटर १२ वरच. अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी पुतण्याने डबा खोलला. मी हौसेने नवा रंग मारलेल्या पत्र्यावर तो बसवला होता. या डब्याला अर्थ बॉडीतूनच मिळतो आणि रंगातून अर्थ जात नाही. पत्रा घासला, वर डब्याच्या बोल्टपासून बॅटरीच्या मायनसला वेगळी वायर टाकली, बॅटरीकडच्या लाईनला २० अँपिअरचा फ्यूज लावला. मीटर १४.१. पोरगा ओरडलाच.

वायरीच्या रंगांवर मात्र कोणी जाऊ नका, कंपनीगणिक वेगळे असतात. आणि पट्ट्यांना वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढा, डब्याचाही कप्लर सोडवा. नाहीतर आतले डायोड जातात.

वरच्या अंगाच्या चार ओळीत पुढच्या आठवड्यात डावणी दिसली, घड काळे पडले. त्या चार तासांमुळेच झालं असं कृषीवाले छातीठोक म्हणणार नाहीत. तिकडं पाणीही जास्त साचतं. बायको मात्र त्या ओळींना अजून "तुमच्या वायरीच्या ओळी" म्हणते. मीटर आता ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्येच असतं.