रोल्ल्यातला वड

वडाची फांदी दहा दिरहमला पडली. त्या आठवड्याच्या दरानं साधारण सव्वादोनशे रुपये. मी हिशेब लिहिण्याचं काम करते, त्यामुळे अकरा वर्षं झाली तरी दिरहमचे रुपये करायची खोड गेलेली नाही. शिरोळ तालुक्यात आमच्या गावी वडाच्या पारंब्यांना शेरडं बांधतात. तिथली मुलगी हातभर डहाळीला सव्वादोनशे मोजते, हे आईला सांगायची सोय नव्हती. पण आई त्या जूनमध्ये व्हिजिट व्हिसावर आमच्याकडेच आली होती आणि फांदी बादलीत ठेवताना तिनं पाहिलीच.

"केवढ्याला?"

"दहा."

"दहा रुपयं?"

मी हो म्हटलं.

हे 2024 सालचं. वटपौर्णिमा 21 जूनला आली होती. शुक्रवार, म्हणजे इथं शारजात सुट्टीचा वार. बायकांनी बेत मोठा केला होता: आमच्याच मजल्यावर, मालवणच्या वहिनींच्या फ्लॅटमध्ये, सकाळी साडेआठला, चौदा जणी. एरवी आमच्या रोल्ला वस्तीत कुणी भिंतीला वडाचं चित्र लावतं, कुणी पाटावर चंदनानं झाड काढतं. या वेळी खरी फांदी हवी असं ठरलं आणि ती आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बर दुबईहून ओल्या फडक्यात गुंडाळून ती मी अब्रानं, म्हणजे होडीनं, खाडीपलीकडे आणली, मग बसनं शारजाला. बसमध्ये शेजारी बसलेला पठाण ती फांदी औषधाची आहे का असं विचारत होता. मी पुन्हा हो म्हटलं. त्या आठवड्यात मी बरंच खोटं बोलले, सगळ्यात मोठं पुढं सांगते.

गंमत अशी, की ज्या वस्तीत ही फांदी मी शारजाबाहेरून विकत आणत होते, तिचं नावच वडाचं आहे. इथल्या अरबी बोलीत वडाला रोल्ला म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांच्या काळात लावलेला एक वड आताच्या रोल्ला चौकात होता. तो 1978 साली गेला. आता तिथं बाग आहे आणि त्या झाडाचं स्मारक. हे मला सांगितलं आमच्या ऑफिसातल्या मल्याळी इक्कांनी, म्हणजे थोरल्या भाऊंनी. ते 1976 मध्ये इथं आले, त्यांनी तो वड पाहिलेला. म्हणाले, "ईदला त्याला झोपाळे बांधायचे. गावची पोरं दिवसभर लटकलेली असायची."

याच इक्कांनी एका वटपौर्णिमेला मला डबा न खाताना पाहून उपासाबद्दल विचारलं होतं. या देशात उपास करणाऱ्या माणसाला मान असतो; रमजानमध्ये आम्ही बिगरमुसलमानही त्यांच्यासमोर पाणी पीत नाही. मी सांगितलं, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, "म्हणजे नवराही उपास करतो? तुझ्या आयुष्यासाठी?" त्यांच्या घरी रोजा नवरा-बायको दोघंही धरतात, ज्याचा त्याचा. मी हसून विषय बदलला.

हा प्रश्न काही इक्कांचा शोध नव्हता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी तो 1882 मध्येच 'स्त्रीपुरुष तुलना' या छोट्या पुस्तकात विचारून ठेवलाय: सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली, पण बायकोसाठी त्या वाटेला लागलेला एखादा नवरा कुणी ऐकलाय का? पुस्तकावर तेव्हा एवढी टीका झाली की त्यांच्या बाजूनं जोतीराव फुल्यांना लिहावं लागलं. पुढं ते विस्मरणात गेलं आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं. मी ते टाळेबंदीत वाचलं, रात्री, मोबाइलवर. मग हट्टानं महाभारतातल्या वनपर्वाचं भाषांतरही वाचलं. तिथली सावित्री रथ घेऊन स्वतः वर शोधायला निघते. नारद सांगतो, हा वर्षभरात मरणार. बाप म्हणतो, दुसरा बघ. ती दोघांचंही ऐकत नाही. यमाशी बोलते ती तर वकिलासारखी, शब्दात पकडून. मी वाचलेल्या भाषांतरात वड कुठं नव्हता, सात जन्म तर नव्हतेच. म्हणजे ज्या बाईनं कुणाचं ऐकलं नाही, तिच्या नावानं आपण सगळ्यांचं ऐकत बसलोय.

हे सगळं मला कळलेलं होतं आणि तरी मी दर वर्षी उपास करत होते. इथं कोण बघतंय? सासूबाई दोन हजार किलोमीटरवर. नवरा म्हणतो, तुला हवं तर कर. कुणाची सक्ती नाही. मग का करायची? खरं उत्तर एकच होतं: भीती. विम्याचा हप्ता असतो तसं. वर्षातून एक दिवस उपाशी राहायचं, बाकी वर्ष निर्धास्त. हप्ता चुकला आणि नेमकं त्याच वर्षी काही झालं तर? श्रद्धा यात किती होती हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

भीतीचं मूळ मात्र सांगता येतं.

1998. मी अकरा वर्षांची. वडील साखर कारखान्यात होते. त्या वर्षी वटपौर्णिमेला आई बाहेरची होती, म्हणजे पाळी आलेली. वडाला शिवायचं नाही. मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणं शेजारच्या काकूंनी आईच्या वतीनं पूजा केली, तिच्या नावाचा दोरा गुंडाळला. आईनं उपास मात्र पूर्ण केला, पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यानंतर वीस-बावीस दिवसांनी वडील कारखान्यातून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि सांगलीला नेईपर्यंत गेले. आई तेव्हा पस्तीस वर्षांची होती.

दहाव्याला काय काय केलं ते मी दारामागून पाहिलंय. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. ते लिहीत नाही. पण त्या गर्दीत एक चुलत आत्या दुसरीला हळूच म्हणाली, "औंदा हिनं सोताच्या हातानं वड पुजला न्हाई." बस, एवढंच. ते आईनंही ऐकलं. मी तेव्हा तिच्याकडं पाहत होते, म्हणून मला माहीत आहे.

पुढं हिशेब शिकल्यावर मला त्या वाक्याची मेख कळली. नवरा जगला तर व्रताची पुण्याई. मेला तर बाईची चूक. अशी वही कुठल्याही तपासनिसासमोर टिकणार नाही. तरी पिढ्यान् पिढ्या ती बायकाच लिहितात आणि बायकाच तपासतात.

मे 2022 मध्ये आमच्या गावापासून जवळच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. मी इकडून उत्साहानं फोन केला: आई, आता तूही कुंकू लाव. ती म्हणाली, "चोवीस वर्सं झाली. आता कपाळ इसरलं ते." मग थोड्या वेळानं, "ठराव चांगला हाय पर. पोरीबाळींच्या कामाला येईल."

तर त्या 21 जूनच्या सकाळी आई माझ्याआधी उठली. तिनं फणस कापला, आंबे पुसून ठेवले, जांभळं निवडली, दोरा उलगडून नीट गुंडाळला. वाणाचं ताट मी लावलं असतं तर इतकं देखणं लागलं नसतं. मी हिरवी साडी नेसून बाहेर आले तर ती बेडरूमकडे निघालेली.

"कुठं?"

"मी हितंच बसतो. दार लावून घेतो. बायका येत-जात असतील, कशाला तोंडासमोर."

आणि तिनं दार लावून घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मजल्यावर बाकी केरळच्या, पाकिस्तानच्या, फिलिपिन्सच्या बायका राहतात, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. जो पहारा अख्ख्या शारजात कुणी देत नव्हतं, तो ती स्वतःच देत होती.

मी ताट आणि फांदी घेऊन वहिनींच्या दारापर्यंत गेले. आतून हसण्याचा आवाज येत होता, कुणीतरी उदबत्तीमुळे धुराची घंटा वाजेल म्हणून ओरडत होतं. वहिनींनी दार उघडलं आणि मी म्हणाले, "मला अडचण आहे. आजच आली."

ते खोटं होतं. मला म्हणता आलं असतं, माझी आई आत दार लावून बसलीय आणि मला हे जमणार नाही. तेवढं धैर्य नव्हतं. वहिनींनी माझ्या हातातून ताट घेतलं, हळहळल्या, आणि म्हणाल्या, "काळजी करू नको गं. तुझ्या वतीनं मी करते."

तुझ्या वतीनं. कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या मला शेजारच्या काकू आठवल्या.

घरी येऊन मी पोहे केले, दार वाजवलं आणि आईसमोर बसून खाल्ले. ती माझ्याकडं बघत राहिली. "उपास?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही." तिनं रागावण्याऐवजी माझ्या ताटलीत आणखी शेंगदाणे टाकले.

संध्याकाळी उन्हाचा ताव उतरल्यावर दोघी खाली रोल्ला चौकात गेलो. सुट्टीच्या संध्याकाळी ती बाग म्हणजे जत्राच असते. बंगाली, पाकिस्तानी, मल्याळी, तेलुगू गडी गवतावर बसून गावाकडं व्हिडिओ कॉल करत असतात. मी तिला सांगितलं, इथं वड होता.

"मग? कोन पुजायचं त्याला?"

"कुणी नाही. ईदला झोपाळे बांधायचे."

तिनं यावर बराच वेळ विचार केला. "आमी पंचमीला बांधायचो," म्हणाली. "वडालाच. तुजा बाप लई उंच झोका द्यायचा." वडलांबद्दल ती सहसा बोलत नाही. तेवढंच बोलली, मग एका बंगाल्याच्या फोनवर दिसणारं बाळ वाकून बघायला लागली.

हे इथं संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. मी विचार करणारी बाई, मी परंपरा नाकारली, वगैरे. पण ऑगस्टमध्ये, आई परत गेल्यावर, एका रात्री दीड वाजता नवरा उठून बसला. छातीत दुखतंय म्हणाला. वडलांचंच वाक्य.

टॅक्सीत आणि मग इमर्जन्सीच्या बाहेरच्या खुर्चीत मिळून दोन तास गेले असतील. त्या दोन तासांत ताराबाई माझ्या मदतीला आल्या नाहीत, वनपर्व आलं नाही. माझं डोकं एकाच गोष्टीचा काथ्याकूट करत होतं: वहिनींनी माझ्या वतीनं केलेली पूजा धरली जाईल का? अडचण खोटी होती, मग ती बाद होईल का? आणि दुसरा तास संपता संपता मी हात जोडून कबूल केलं: पुढच्या वर्षी करीन, निर्जळी करीन, फक्त याला काही होऊ देऊ नकोस. कुणाला म्हणाले, देव जाणे.

ॲसिडिटी निघाली. रात्री साडेअकराला खाल्लेली बिर्याणी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पहाटे घरी आलो.

आता माझ्या डोक्यावर नवस होता. तो फेडायचा, तर मी जे नाकारलं ते पुन्हा पत्करायचं. न फेडायचा, तर वर्षभर ती टांगती तलवार. आठवडाभर मी कुणाला काही बोलले नाही. मग आईला फोन करून सगळं सांगितलं, खोट्या अडचणीसकट.

ती पलीकडे इतका वेळ गप्प होती, की मला वाटलं फोन कट झाला.

"सव्वीस वर्सं," ती म्हणाली, "मला वाटायचं, त्या साली मी सोताच्या हातानं केलं असतं तर." पुन्हा थांबली. "माजी अडचण खरी हुती, तर मानूस गेला. तुजी खोटी हुती, तर र्‍हायला. ह्ये काय हिशेब हाय व्हय? तू शिकलेली, तूच सांग."

मी काय सांगणार.

"नवस-बिवस काय न्हाई. पुढच्या साली जेव तू," ती म्हणाली आणि भावाच्या म्हशीबद्दल बोलायला लागली.

2025 ची वटपौर्णिमा 10 जूनला, मंगळवारी होती. आदल्या संध्याकाळी वहिनींकडे गेले आणि या वेळी खरं काय ते सांगितलं, मागच्या वर्षीच्या खोट्यासकट. त्या दुखावल्या. "माझ्याशी कशाला खोटं बोलायचं?" म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं. वाणाचे दोन आंबे मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी पाठवले. मी ऑफिसला गेले. डब्यात भात, आमटी आणि भेंडी होती. दीड वाजता इक्कांसमोर बसून खाल्ली.